वाचक विचारतात: हे नेमकं कितव्या थरात?

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले होते, की आपण आरशात जी कातडी बघतो, जिला क्रीम लावतो, जिच्या रंगावरून लोक एकमेकांना नावं ठेवतात, तो वरचा थर मेलेलाच असतो. बस, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार. आधीच सांगते, मी स्किनची डॉक्टर नाही हं. माझी नोकरी गेली हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमधे, बायोप्सीचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर न्यायची. म्हणजे कातडी मी आयुष्यभर बघितली ती उभी चिरलेली, कडेनं. त्यामुळे कुणी काहीही विचारलं, डाग, फोड, टॅटू, तरी माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच येतं: हे कितव्या थरात चाललंय?

ताई, वरची कातडी मेलेली असेल तर हातावर माशी बसलेली कळते कशी? आणि मेलेली आहे तर कुजत का नाही?

दुसरा प्रश्न मला फार आवडला, पण त्याला जरा वेळ लागेल. एका पेशीच्या मागे मागे जाऊ, म्हणजे सगळंच कळेल.

कातडीचे मोठे भाग दोन. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, म्हणजे एपिडर्मिस आणि डर्मिस, आणि त्याखाली चरबीचा गादीसारखा थर, त्याला काही लोक कातडीत धरतात काही धरत नाहीत. बाह्यत्वचा बहुतेक अंगावर साधारण ०.१ मिलिमीटर, वहीच्या कागदाएवढी समजा. पापणीवर त्याच्याही निम्मी आणि तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत.

आता या कागदाच्या जाडीत काय काय कोंबलंय बघा. अगदी तळाला पेशींची एकच ओळ असते, उभट, दाटीनं उभ्या राहिलेल्या, स्लाइडवर गडद जांभळ्या दिसतात. हा बेसल लेयर. बाह्यत्वचेतलं नव्या पेशींचं उत्पादन होतं ते मुख्यतः इथं. एक पेशी दुभागते, एक तळाला चिकटून राहते आणि दुसरी वर सरकायला लागते. या पेशींना केराटिनोसाइट म्हणतात आणि बाह्यत्वचेतल्या दहातल्या नऊ पेशी याच असतात.

वर सरकली की ती येते काटेरी थरात. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीच्या भोवती बारीक बारीक काटे दिसतात आणि ते एका पेशीतून दुसऱ्या पेशीला भिडलेले असतात. मला कामाला लागून बरेच महिने झाल्यावर कुणीतरी सांगितलं की अगं जिवंत कातडीत हे काटे असे नसतातच. आपण तुकडा अल्कोहोलमधून नेतो, पेशी आकसतात, पण शेजारणीशी जिथं पकड असते तिथं काही केल्या सोडत नाहीत, म्हणून ओढल्यासारखे काटे दिसतात. म्हणजे काटे आम्ही लॅबवाले बनवतो, पकड मात्र खरी असते. त्या पकडीला डेस्मोसोम म्हणतात. पेम्फिगस नावाचा एक आजार आहे त्यात शरीराचीच अँटिबॉडी या पकडीवर उठते आणि पेशी एकमेकींपासून सुटून अंगभर फोड येतात, तेव्हा कळतं की आपण केवढ्याशा गोष्टीच्या जोरावर एकसंध राहिलोय.

त्याच्यावर दाणेदार थर, दोन-चार पेशींचाच, गडद निळसर दाणे भरलेला. इथं पेशी मरायची तयारी करते आणि ती तयारी एवढी पद्धतशीर असते ना की मरण म्हणायलाही जीवावर येतं. आतली केराटिन नावाच्या प्रोटीनची सुतं एकत्र बांधली जातात, आणि पेशीच्या पोटात जमवलेलं स्निग्ध द्रव्य, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अॅसिड, हे बाहेर फटीत ओतलं जातं. मग पेशीचं केंद्रक विरघळतं. उरतो तो एक चपटा, टणक पापुद्रा.

असे १५-२० पापुद्रे एकावर एक म्हणजे सगळ्यात वरचा शृंगी थर, स्ट्रॅटम कॉर्नियम. विटा म्हणजे पापुद्रे आणि मधलं सिमेंट म्हणजे ते स्निग्ध द्रव्य. आमच्या स्लाइडवर मात्र तो टोपलीच्या विणीसारखा विसविशीत दिसतो, कारण सिमेंट आम्ही केमिकलमधे धुऊन टाकलेलं असतं. नवीन मुलं बघतात आणि म्हणतात हा तर फाटकाच थर दिसतोय, याचा काय उपयोग. फाटका नाहीये, आपल्या अंगातलं पाणी बाहेर उडून जाऊ न देणारा तोच आहे.

तळहात-तळपायाला याच्याखाली आणखी एक पारदर्शक पट्टा असतो, तो सोडून देऊ.

आता कुजत का नाही. एक तर तिथं पाणी कमी, दुसरं म्हणजे केराटिन चिवट, तिसरं म्हणजे पृष्ठभाग आंबटसर असतो, पीएच पाचच्या आसपास, बऱ्याच जंतूंना ते मानवत नाही. आणि मुख्य म्हणजे कुजायला थांबतंय कोण, वरचे पापुद्रे रोज झडतच असतात.

आणि माशी कळते कारण मेलेला थर हा नुसता झाकणासारखा आहे, जाणीव त्याच्या खाली बसलीये. बेसल ओळीतच मधूनमधून मर्केल पेशी असतात, हलका दाब ओळखणाऱ्या. त्यांच्या आणि त्यांना जोडलेल्या मज्जातंतूंच्या पडद्यात पिएझो-२ नावाचं प्रोटीन असतं, ते दाबलं की दार उघडतं आणि संदेश सुटतो, ते शोधणाऱ्या अर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अंतस्त्वचेत मेइसनरच्या कुप्या, त्याहून खोल पचिनीच्या, त्या थरथर ओळखतात. पण खरं सांगू का, माशीच्या बाबतीत बहुतेक वेळा चुगली करतो तो केस. केसाच्या मुळाशी मज्जातंतूचा वेढा असतो, माशीचा पाय केसाला लागला की झालं.

एका ठिकाणी वाचलं कातडी २८ दिवसांत पूर्ण बदलते, दुसरीकडे दोन महिने. तुम्ही मागच्या वेळी "महिन्याभरात" लिहिलं होतं. खरं काय?

पकडलंत. मी ढोबळ लिहिलं होतं. तळापासून दाणेदार थरापर्यंत यायला दोन ते चार आठवडे आणि शृंगी थरातून झडेपर्यंत साधारण आणखी दोन, असं धरलं तर दीड महिन्याच्या आसपास जातं, आता प्रत्येकजण कुठून कुठपर्यंत मोजतो त्यावर आकडा बदलतो. वयानं वेग मंदावतो, आणि अंगाच्या भागाप्रमाणेही फरक पडतो. तो २८ चा आकडा सुटसुटीत आहे म्हणून जाहिरातवाल्यांचा लाडका आहे एवढंच. सोरायसिसमधे हाच प्रवास काही दिवसांत उरकतो, पेशींना नीट मरायलाही फुरसत मिळत नाही, केंद्रक तसंच घेऊन त्या वर पोचतात आणि पांढऱ्या खवल्यांचा ढीग साचतो. स्लाइडवर वरच्या थरात जांभळे ठिपके दिसले की आम्ही आपसात म्हणायचो, घाईत आलेत हे.

गुडघा खरचटला की आधी पांढरट दिसतं आणि मग ठिपक्या-ठिपक्यांनी रक्त येतं. सलग का येत नाही? आणि कागदानं बोट कापलं तर कधी रक्त नसतंच पण आग मात्र अशी होते की बस!

ज्यांनी हे विचारलंय त्यांनी खरचटलेल्या गुडघ्याकडे नीट बघितलंय, बाकी आपण फुंकर मारण्यात गुंग असतो.

बाह्यत्वचेत रक्तवाहिनी नाही. एकही नाही. तिला सगळा पुरवठा खालून पाझरून येतो. म्हणून तेवढाच भाग घासला गेला तर पांढरट ओलसर दिसतं पण रक्त नाही. आता दोन थरांची हद्द सरळ रेषेत असती तर पुढचं सगळं एकदम लाल झालं असतं. पण ती हद्द नागमोडी असते, अंतस्त्वचेचे बारीक उंचवटे वर बाह्यत्वचेत घुसलेले असतात आणि प्रत्येक उंचवट्यात केशवाहिनीचं एकेक वेटोळं असतं. घासताना आधी त्या उंचवट्यांची टोकं छाटली जातात. एक टोक, एक ठिपका. आणखी खोल गेलं की ठिपके मिसळतात.

ही नागमोडी उगीच नाही, दोन थर एकमेकांत अडकून राहावेत म्हणून आहे. वय झालं की ती सपाट होत जाते, म्हणूनच म्हाताऱ्या माणसांची कातडी जराशा घासण्यानं सटकन सोलवटते. घरात कुणी वयस्कर असेल तर चिकटपट्टी ओढून काढू नका, हळूहळू ओली करून काढा.

कागदाचं म्हणाल तर मज्जातंतूंची बारीक उघडी टोकं बाह्यत्वचेत बरीच वरपर्यंत आलेली असतात, रक्तवाहिन्या नसतात. मग उथळ काप बसला तर काय, रक्त नाही आणि बोंब मात्र भरपूर. त्यात बोटांच्या टोकाला ही टोकं जास्त दाट.

मी नववीत आहे. पुस्तकात लँगरहॅन्स पेशी पॅनक्रियाजमधे आहेत असं आहे, इन्शुलिनच्या. मग एका व्हिडिओत त्या कातडीत आहेत असं सांगितलं. कोण चुकलंय?

कुणीच चुकलेलं नाही रे, माणूस एकच आहे. पॉल लँगरहॅन्स. १८६८ मधे बर्लिनला मेडिकलला शिकत होता, २१ वर्षांचा, तेव्हा कातडी गोल्ड क्लोराइडनं रंगवून बघताना त्याला बाह्यत्वचेच्या मधोमध फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं या मज्जासंस्थेच्या असणार, फांद्या बघून कुणालाही तेच वाटलं असतं. दुसऱ्याच वर्षी, १८६९ ला, त्यानं पॅनक्रियाजमधे पेशींचे वेगळे पुंजके बघितले, त्यांना पुढे त्याच्या नावानं लँगरहॅन्सची बेटं म्हणायला लागले. तुझ्या पुस्तकात आहेत ती बेटं, व्हिडिओत होत्या त्या पेशी.

कातडीतल्या पेशी मज्जासंस्थेच्या नाहीत हे ठरायला मात्र शंभर वर्षं गेली. त्या निघाल्या पहारेकरी, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या. बाहेरून काही परकं घुसलं की त्याचा तुकडा उचलायचा, कातडी सोडून लसीका ग्रंथीपर्यंत जायचं आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तो दाखवायचा. एखाद्याला पट्ट्याच्या बकलातल्या निकेलनं खाज सुटते ना, त्या भानगडीत यांचा हात असतो.

आमच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या ओळखूच येत नाहीत. सीडी-१-ए नावाचा खास स्टेन लावला की अचानक सगळ्या बाह्यत्वचेत तपकिरी फांद्या पसरलेल्या दिसतात, जणू इतका वेळ कुणी लपूनच बसलं होतं. शक्य झालं तर कधीतरी ती स्लाइड बघ.

गोऱ्या माणसांच्या कातडीत रंगाच्या पेशी कमी असतात का?

नाही. हे ऐकून लोकांना खरंच वाटत नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, अंगाच्या त्याच त्या भागात सगळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात, बेसल ओळीत साधारण दहा पेशींमागे एक. स्लाइडवर आजूबाजूला थोडी मोकळी जागा सुटलेली, पोकळीत बसल्यासारखी एखादी पेशी दिसते, ती ही. हिला लांब हात असतात आणि त्या हातांनी ती वरच्या तीस-चाळीस केराटिनोसाइटना रंगाच्या पुड्या वाटत असते. फरक पडतो तो पुड्यांमधे: किती बनवल्या, केवढ्या बनवल्या, कुठल्या जातीचं मेलॅनिन, आणि पेशीत गेल्यावर त्या सुट्या राहिल्या की गठ्ठ्यानं. झालं. एवढ्याशा वाटपावर माणसांनी एकमेकांचं काय काय केलंय ते मी सांगायला नको.

आणि ती पुडी पेशीत जाऊन करते काय, तर केंद्रकाच्या वर टोपीसारखी जमते. बरोबर वरच्या बाजूला, जिकडून ऊन येतं तिकडे. डीएनएवर छत्री. मी ही टोपी पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारून दाखवली होती.

माझ्या मुलीच्या हातावर कोडाचे डाग आहेत, ट्रीटमेंट चालू आहे. आता डागाच्या आत केसांच्या भोवती बारीक काळपट ठिपके दिसतायत. हे वाढतंय का काहीतरी नवीनच?

काळजी करू नका, हे बहुधा चांगलं लक्षण आहे, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की दाखवा. कोडात त्या डागाच्या जागेतल्या मेलॅनोसाइट नष्ट झालेल्या असतात, बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारयंत्रणा त्यांच्या मागे लागते. पण केसाच्या मुळाच्या कोशात, जरा खोल, त्यांच्या मूळपेशी असतात आणि त्या पुष्कळदा वाचतात. ट्रीटमेंट लागू पडली की तिथून नव्या मेलॅनोसाइट केसाच्या कडेकडेनं वर चढतात आणि केसाभोवती पसरायला लागतात. म्हणून ठिपके, म्हणून ते केसाभोवतीच. याच कारणानं ओठ आणि बोटांची टोकं, जिथं केसच नाहीत, तिथले डाग हट्टी असतात.

आणि हे तुम्हाला माहीत असणार पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते: कोड संसर्गानं होत नाही. शिवल्यानं होत नाही, एका भांड्यात जेवल्यानं होत नाही. मुलीला हात धरून सगळीकडे न्या.

केसांचा डाय कपाळाला लागला तर आठवड्याभरात जातो आणि टॅटू जन्मभर राहतो, दोन्ही रंगच ना?

डाय लागला मेलेल्या थराला. तो थर झडला, डाय गेला. टॅटूची सुई एक-दीड मिलिमीटर आत जाते, म्हणजे अंतस्त्वचेत, तिथलं काही असं वर सरकत येऊन झडत नाही. पण गंमत पुढेच आहे. शाईचे कण आपले मॅक्रोफेज नावाचे सफाई कामगार गिळतात आणि पचवता येत नाही म्हणून तसेच पोटात घेऊन बसतात. बाहेरून आपल्याला टॅटू दिसतो म्हणजे खरं तर या शाई गिळलेल्या पेशी दिसतात. २०१८ मधे फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात, शाई बाहेर सांडते आणि नव्या आलेल्या पेशी तीच शाई पुन्हा गिळतात. कामगार बदलतात, ओझं तेच. लेझरनं कण बारीक करतात ते एवढ्यासाठीच की वाहून जाण्याइतके ते लहान व्हावेत.

कोलॅजनची क्रीम लावून सुरकुत्या जातात का? खूप महाग आहे म्हणून विचारते.

कोलॅजन म्हणजे कातडीला ताठ ठेवणारं सुतासारखं प्रोटीन, ते असतं अंतस्त्वचेत. क्रीम असते शृंगी थरावर. मधे ती विटा-सिमेंटची भिंत. औषधशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही, आणि कोलॅजनचा रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा. आता तुम्हीच बघा. समजा गेलाच आत तरी आयती वीट टाकल्यानं भिंत उभी राहत नाही, तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशींना ते स्वतः विणावं लागतं. क्रीमनं कातडी मऊ वाटते, टवटवीत दिसते हे खरंय, कारण वरचे पापुद्रे पाणी धरून फुगतात आणि बारीक रेषा बुजल्यासारख्या होतात. तेवढं काम साधं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनसुद्धा करतं. अंतस्त्वचेतलं कोलॅजन टिकवायचं असेल तर उन्हापासून जपा, ऊन ते तोडतं. रेटिनॉइडनं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधानं, थोडा फरक पडतो, त्याचा रेणू लहान असतो, पण ते डॉक्टरला विचारून, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

अंगाची कातडी कोरडी पडते, कितीही लावलं तरी. आईचंही तसंच होतं, हे घराण्यात असतं का?

असू शकतं. दाणेदार थरात फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं, ते पुढे तुटून त्याचे तुकडे वरच्या पापुद्र्यांत पाणी धरून ठेवतात. काही घराण्यांत या प्रोटीनच्या जीनमधेच खोट असते, २००६ मधे लक्षात आलं की आनुवंशिक, माशाच्या खवल्यासारखी कोरडी कातडी आणि मुलांमधला एक्झिमा, दोन्हींशी याचा संबंध आहे. आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच लावा, आत पाणी असेल तरच ते अडवता येईल ना.

पाण्यात फार वेळ राहिलं की बोटं सुरकुततात, पाणी शिरून फुगतात ना?

मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. पण १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की बोटाची नस तुटलेली असेल तर ते बोट पाण्यात कितीही ठेवा, सुरकुतत नाही. नुसतं पाणी शिरून होत असतं तर नसेचा काय संबंध? होतं असं की मज्जासंस्था बोटाच्या रक्तवाहिन्या आवळते, आतला गर कमी होतो आणि वरची कातडी सैल पडून चुण्या पडतात. नसेची तपासणी म्हणूनसुद्धा हे वापरतात.

नवीन बुटांनी फोड येतो तो फोडावा की ठेवावा?

ठेवावा. हा फोड काटेरी थरातच फाटून झालेला असतो, तळाची बेसल ओळ शाबूत असते आणि ती एक-दोन दिवसांत कामाला लागते. वरचं छप्पर म्हणजे फुकटचं निर्जंतुक बँडेज. फारच ताठ होऊन दुखत असेल तर स्वच्छ सुईनं कडेला बारीक भोक पाडा, पण छप्पर ओढून काढू नका. डायबेटिस असेल तर घरी काहीच करू नका, दाखवा.

लहानपणी भाजल्याचा डाग अजून तसाच आहे. बाकी जखमा गायब झाल्या, हीच का राहिली? आणि लॅबमधे कातडी बनवतात म्हणे, खरंय का?

तोच तो खोलीचा हिशोब. नुसती बाह्यत्वचा गेली तर व्रण उरत नाही, बेसल पेशी कडेकडून सरकत येतात, पुन्हा थर लावतात, संपलं. अंतस्त्वचेचा वरचा भाग गेला तरी केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींत खोलवर बाह्यत्वचेच्या पेशी शिल्लक असतात, तिथून बेटं बेटं वर येतात. पण भाजणं त्याहूनही खोल गेलं की मूळच हरवतं. मग शरीर काय करतं तर घाईघाईनं कोलॅजन टाकून खड्डा बुजवतं. मूळच्या अंतस्त्वचेत कोलॅजनची सुतं आडवी-तिडवी, विणल्यासारखी असतात, व्रणात एका दिशेनं ओढल्यासारखी. स्लाइड बघितली की लगेच कळतं, इथं ना केस, ना घामाची ग्रंथी, नुसत्या गुलाबी समांतर रेघा. असा व्रण मूळ कातडीच्या साधारण ८० टक्के मजबुतीच्या वर जात नाही.

लॅबचं म्हणाल तर खरंय, आणि बरंच जुनं आहे. १९७५ मधे अमेरिकेत जेम्स ऱ्हाइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या केराटिनोसाइट काचेच्या बशीत वाढवण्याची पद्धत काढली. १९८३ मधे दोन लहान भाऊ आले, ९५ टक्क्यांहून जास्त अंग भाजलेले, अशा पेशंटची स्वतःची कातडी घेऊन लावायची म्हटलं तर आणणार कुठून. त्यांच्या उरलेल्या कातडीचे छोटे तुकडे घेऊन ग्रीन यांच्या लॅबनं निम्म्या अंगाला पुरतील एवढे पातळ पडदे वाढवले. दोघेही वाचले. पण ते पडदे फक्त बाह्यत्वचेचे, त्यात घामाची ग्रंथी नाही, केस नाही.

त्याहून थक्क करणारं २०१७ मधे छापून आलं. जर्मनीतला सात वर्षांचा मुलगा, लॅमिनिन नावाचं प्रोटीन जन्मतःच धड नसलेला. या प्रोटीनचं काम काय, तर बेसल पेशींना खालच्या पडद्याला चिकटवून ठेवायचं. ते नाही म्हणजे जराशा धक्क्यानं सगळी बाह्यत्वचा सुटून येते. त्याच्या अंगावर बाह्यत्वचा जवळपास उरलीच नव्हती. इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या टीमनं त्याच्याच पेशी घेतल्या, त्यात दुरुस्त केलेला जीन घातला, पडदे वाढवले आणि त्याच्या अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर लावले. चिकटले. नंतर तपासणीत दिसलं की ती सगळी नवी कातडी थोड्याशाच दीर्घायुषी मूळपेशींवर चाललीये, बाकी लावलेल्या पेशी आपापला प्रवास करून झडून गेल्या होत्या.

तुमच्या डागाबद्दल: ओढल्यासारखा होत असेल, हालचालीला अडत असेल तर प्लास्टिक सर्जनला दाखवा, जुना असला तरी करता येण्यासारखं बरंच असतं.

घरातली सगळी धूळ म्हणजे आपलीच कातडी, हे खरं का?

सगळी नाही. कपड्यांची सुतं, माती, बाहेरून आलेलं बरंच काही असतं. पण त्यात तुम्ही असता, हे खरं.

बोटांचे ठसे घासून किंवा भाजून कायमचे घालवता येतात का? (कशासाठी विचारलंय ते मी विचारत नाही.)

मीही विचारत नाही. ठशांच्या रेघा आईच्या पोटातच, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला पडतात, आणि त्यांचा साचा असतो तळाला, दोन थरांच्या त्या नागमोडी हद्दीत. वरची कातडी घासली, थोडी भाजली तरी महिना-दीड महिन्यात त्याच साच्यावरून तोच ठसा पुन्हा वर येतो. अंतस्त्वचेपर्यंत गेलात तर रेघा जातील, पण त्या जागी व्रण येईल, आणि तसा व्रण दुसऱ्या कुणाच्याच बोटावर नसेल.